५.८ किलोचा क्लच: साडेतीनशे सीसीची गाडी आठ महिने वापरल्यानंतर

या वर्गातल्या गाड्यांचे इंजिन, मायलेज आणि आवाज यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मी केवळ क्लच लिव्हरविषयी लिहिणार आहे, कारण आठ महिन्यांत या गाडीने मला दुसऱ्या कशाचा विचारच करू दिलेला नाही.

पुण्यात धायरी ते खराडी आणि परत असा माझा मोटरसायकलवरचा रोजचा चाळीसेक किलोमीटरचा प्रवास आहे आणि त्यातला बराचसा वेळ हाफ क्लचवर सरकण्यात जातो. तिसऱ्या महिन्यात डाव्या हाताचे मधले बोट सकाळी दुमडलेलेच राहू लागले; दुसऱ्या हाताने सरळ केले की ते ‘टक्’ करून सुटत असे. याला ट्रिगर फिंगर म्हणतात, बोट वाकवणारी कंडरा ज्या आवरणातून सरकते तिथे तिला जागा अपुरी पडते, असे डॉक्टरांनी सांगितले आणि पंधरा दिवस गाडी बंद ठेवायला लावली.

सर्व्हिस सेंटरमध्ये ‘या गाडीचा क्लच असाच असतो, सवय होईल’ असे उत्तर मिळाले. मी वाद घातल्यावर क्लच प्लेटा बदलण्याचे एस्टिमेट हाती ठेवण्यात आले. लिव्हरचा जडपणा येतो तो क्लचच्या स्प्रिंगांमुळे आणि केबलमधल्या घर्षणामुळे; स्प्रिंग त्याच ठेवून नुसत्या प्लेटा नव्या घातल्या तर हात हलका कसा होणार, या प्रश्नाला कोणीही उत्तर दिले नाही. ते एस्टिमेट मी जपून ठेवले आहे.

बहिणीने विमानप्रवासापूर्वी बॅगा मोजण्यासाठी घेतलेला हुकाचा काटा घरी पडून होता. लिव्हरवर मार्करने खूण करून दर वेळी त्याच जागी हूक अडकवायचा आणि लिव्हर ग्रिपला टेकेपर्यंत ओढायची, असा नियम मी ठरवला. पहिले माप आले ५.८ किलो. त्यानंतर नाना पेठेतून क्लचचा लांब आर्म, म्हणजे केबल इंजिनाच्या बाजूला ज्या दांड्याला ओढते तो, आणून बसवला. तो मूळ आर्मच्या साधारण सव्वापट आहे. काटा ४.७ वर आला. इतक्या कमी पैशांत इतके सुख देणारी दुसरी वस्तू मी या गाडीवर लावलेली नाही. ज्यांचा हात दुखतो त्यांनी ती डोळे मिटून घ्यावी.

वरचे शेवटचे वाक्य पाचव्या महिन्यात लिहिले होते. ते खोडत नाही, पण मागे घेतो. आर्म लांब केल्याने बळात जेवढी सूट मिळते, तेवढीच हालचालीत तूट येते. लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा नीट सुटेनात, सिग्नलला गाडी पुढे रेटू लागली आणि न्यूट्रल सापडेनासे झाले. मग लाल दिवा संपेपर्यंत लिव्हर दाबूनच उभे राहावे लागे, म्हणजे ज्या बोटासाठी हा खर्च केला त्यालाच दुप्पट काम. केबलचा प्ले, म्हणजे तिच्यातली मोकळी ढील, कमी करून थोडी हालचाल परत मिळते, परंतु प्ले अजिबात ठेवला नाही तर क्लच घसरू लागतो.

आर्म काढताना मेकॅनिकने हँडल पूर्ण उजवीकडे वळवायला सांगितले आणि हेडलाइटमागे केबल ताणून मुडपलेली दाखवली. पाठ दुखते म्हणून दुसऱ्या महिन्यात मीच हँडलखाली इंचभर उंचीचा रायझर लावला होता! पहिले दोन महिने हात अजिबात दुखला नव्हता, ही गोष्ट सर्व्हिस सेंटरशी भांडताना माझ्या ध्यानातच आली नाही. केबलला जेवढे वळण अधिक, तेवढे घर्षण चढत्या प्रमाणात वाढते, आणि मुडपलेल्या जागी आतली तार अस्तर घासून काढते.

रायझर उतरवला, नवी केबल सैल वळणाने नेली आणि लिव्हरच्या पिव्होटवर थोडे ग्रीस लावले. काटा ४.३! लांब आर्मपेक्षाही कमी, आणि न्यूट्रल पहिल्या प्रयत्नात. केबलच्या आत मात्र ग्रीस भरू नये, धूळ धरून ती पुन्हा जड होते. शिवाय मनगट आणि कोपर एका रेषेत येतील एवढी लिव्हर खाली वळवून घेतली, त्याला एक पैसाही लागला नाही. सिग्नलला आता न्यूट्रल करून हात मोकळा सोडतो आणि बोट सकाळी आपोआप सरळ होते.

सर्व्हिस सेंटरवरचा राग थोडा कमी केला आहे, पूर्ण नाही. एस्टिमेट देण्याआधी त्यांनी हँडल एकदा वळवून पाहायला हरकत नव्हती. रायझर माळ्यावर आहे. पाठ पुन्हा दुखू लागली असून, नाना पेठेत जास्त लांबीच्या केबलची चौकशी चालू आहे.