इम्पॅक्ट फॅक्टर, साइटस्कोअर की एसजेआर: पेपर पाठवण्याआधी काय बघायचं?

नागपूर विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी असो, नीरीतली संशोधक असो की व्हीएनआयटीतला प्राध्यापक, पेपर लिहून झाला की जर्नल निवडताना सगळे अडतात. एखाद्या जर्नलमधले पेपर इतरांनी किती उद्धृत केले, हे सांगणारे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. ते जुळणारच नाहीत, कारण प्रत्येकाची मोजायची रीत वेगळी आहे.

इम्पॅक्ट फॅक्टर सर्वांत जुना. युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये त्याची कल्पना मांडली, आज क्लॅरिव्हेट ही कंपनी तो काढते. 2022 आणि 2023 मधल्या मजकुराला 2024 मध्ये मिळालेली सायटेशन्स (म्हणजे इतर पेपरांत झालेले उल्लेख), भागिले त्या दोन वर्षांतले शोधनिबंध आणि रिव्ह्यू: हा झाला 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत शोधनिबंधाचे गुण यावरच वाढतात, म्हणून मुलाखतीत याचीच विचारणा होते. पण ही नुसती सरासरी आहे. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा आकडा 2008 मध्ये दोनच्या आसपास होता, 2009 मध्ये पन्नासच्या जवळ गेला. कारण एकच पेपर: शेल्एक्स या सॉफ्टवेअरवरचा, जो स्फटिकरचना काढणारा जवळजवळ प्रत्येक जण उद्धृत करतो. त्या अंकांतल्या इतर लेखकांचं काम त्याने वरच्या दर्जाचं झालं नाही.

साइटस्कोअर एल्सव्हियरने 2016 मध्ये आणला. स्कोपस या त्यांच्याच डेटाबेसमधली माहिती, चार वर्षांचा काळ, आणि बघायला पैसे लागत नाहीत. शेती, माती अशा विषयांत पेपरची दखल उशिरा घेतली जाते, तिथे मला चार वर्षं अधिक न्याय्य वाटतात. एल्सव्हियर स्वतःच मोठा प्रकाशक आहे, हेही ध्यानात असू द्या. आणि एका जर्नलचा साइटस्कोअर दुसऱ्याच्या इम्पॅक्ट फॅक्टरशेजारी कधीच ठेवू नका.

एसजेआर, म्हणजे सायमॅगो जर्नल रँक, हाही स्कोपसवरच चालतो, पण वजनदार जर्नलमधून आलेल्या सायटेशनला तो जास्त किंमत देतो. सायमॅगोच्या साइटवर त्यानुसार विषयवार क्यू-वन (सर्वांत वरचा) ते क्यू-फोर असे चार गट मोफत दिसतात. पहिला पेपर पाठवणाऱ्याला मी हेच बघायला सांगेन. ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ गणितात अग्रगण्य, तरी त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर एक अंकी. कर्करोगावरच्या एका जर्नलचा शेकड्यांत. विषयाच्या आत तुलना केली तरच अर्थ लागतो. एकच जर्नल एका विषयात क्यू-वन, दुसऱ्यात क्यू-टू असू शकतं, म्हणून अर्जात विषय आणि वर्ष दोन्ही लिहा.

यूजीसीची मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी 2025 मध्ये बंद झाल्यापासून पडताळणीचा भार आपल्यावरच आहे. व्हॉट्सॲपवर ‘आठवड्यात छापून देतो’ म्हणणारे भलत्याच संस्थेचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मुखपृष्ठावर मिरवतात. फी भरण्याआधी जर्नलचा आयएसएसएन हा ओळख क्रमांक टाकून क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये आणि स्कोपसच्या यादीत शोधा. दोन्ही मोफत आहेत. यात हयगय केली तर वर्षभराची मेहनत मातीत जाते, आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

समजा, गुलाबी बोंडअळीवरचा पेपर आहे. एकीकडे सर्वसाधारण विषयांचं क्यू-वन जर्नल, दुसरीकडे कीटकशास्त्राचं क्यू-टू, जे कापसावर काम करणारे नेमाने वाचतात. बढतीचे गुण तातडीने हवे नसतील, तर मी दुसऱ्याला पाठवेन.