काजू बी, खनिजाची बोट आणि सिंगापूरचा लवाद: एसआयएसीची सेवा गोव्याच्या व्यापाऱ्याला कितपत परवडते?

आयात-निर्यातीच्या करारात दर, माल आणि मुदत यांवर आठवडाभर घासाघीस होते. वाद कुठे आणि कसा सोडवायचा हे सांगणारं कलम मात्र मागच्या करारातून जसंच्या तसं उचललं जातं. फोंड्याचा काजू कारखानदार असो, डिचोलीचा खनिज निर्यातदार असो की वेर्ण्याची औषध कंपनी, त्या कलमात बऱ्याचदा सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटर, म्हणजे एसआयएसीचं नाव असतं. या संस्थेची सातवी नियमावली १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. दोन्ही पक्षांनी वेगळं ठरवलं नसेल, तर त्या तारखेनंतर सुरू झालेल्या प्रकरणाला हेच नियम लागतात, मग करार २०१९ चा का असेना. गोव्यातून वापरायची तर ही सेवा कशी आहे, ते इथे तपासलं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. निवाडा एसआयएसी देत नाही, आर्बिट्रेटर, म्हणजे वाद सोडवायला नेमलेला त्रयस्थ लवाद, देतो. संस्था कागद घेते, आर्बिट्रेटर नेमते, पैशाचा हिशेब ठेवते, मुदती पाळायला लावते आणि निवाड्याचा मसुदा बाहेर पडण्याआधी तपासते. तिला तेवढ्याच कामाचे गुण द्यायचे. मुंबईत २०१३ पासून आणि गिफ्ट सिटीत २०१७ पासून तिची कार्यालयं आहेत, पण ती माहिती देण्यापुरती. प्रकरण सिंगापूरचा रजिस्ट्रार चालवतो आणि कागद 'एसआयएसी गेटवे' या पोर्टलवर चढवायचे असतात. पोर्टल ठीक आहे. मात्र अर्जाबरोबर फी जमा नसेल किंवा करारातलं आर्बिट्रेशनचं कलम जोडलेलं नसेल, तर अर्ज अपुरा धरला जातो आणि प्रकरण 'सुरू झाल्याची' तारीख पुढे सरकते. कराराला भारतीय कायदा लागू असेल तर दाव्याची मुदत तीन वर्षांची. तिच्या शेवटच्या आठवड्यात अपुरा अर्ज टाकणं महागात पडतं. परदेशी फी पाठवताना बँक ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि बहुधा आयकराचं घोषणापत्र मागते, त्यात चार-पाच दिवस जातात, हेही हिशेबात धरावं.

नव्या नियमांतली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे लहान दाव्यांसाठीची 'स्ट्रीमलाइन्ड' पद्धत. दहा लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या दाव्याला ती आपोआप लागते. ती नको असेल तर तसं करारात लिहावं लागतं किंवा संस्थेच्या अध्यक्षांना पटवावं लागतं. आर्बिट्रेटर एकच. त्याची नेमणूक झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा. आर्बिट्रेटरची आणि संस्थेची फी नेहमीच्या कमाल मर्यादेच्या निम्म्यावर रोखलेली. त्यावरचे, एक कोटी सिंगापूर डॉलरपर्यंतचे दावे 'एक्सपेडायटेड' पद्धतीने सहा महिन्यांत निघू शकतात. आधी ही मर्यादा साठ लाख होती. गोव्यातल्या मध्यम व्यापाऱ्याचे बरेचसे वाद पहिल्याच खणात बसतील.

तरी सिंगापूरला जाण्याआधी पाटीवर गणित मांडावं. काजू बीचा दर्जा 'आउटटर्न'वर ठरतो: ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघेल तो आकडा. एक किलोचा नमुना कापायचा, चांगला गर वेगळा काढायचा, डागी आणि अर्धवट भरलेल्या गराचं निम्मं वजन त्यात मिळवायचं. २७२ ग्रॅम भरले की आउटटर्न ४८ पौंड. साधारण २५० ग्रॅम भरले की ४४. सगळं भांडण या बावीस ग्रॅमचं. समजा आफ्रिकेतून २०० टन बी आली, दर टनाला १,३०० डॉलर, हमी ४८ ची आणि कंटेनर उघडल्यावर निघाले ४४. दर प्रमाणात कापायचा ठरला तर २,६०,००० डॉलरच्या मालावर चार अठ्ठेचाळिसांश, म्हणजे सुमारे २१,६६७ डॉलर. एवढ्या रकमेसाठी निम्म्या फीचं आर्बिट्रेशनसुद्धा परवडत नाही, कारण खरा खर्च संस्थेचा नसतो, वकिलाचा असतो. अशा फरकासाठी करारातच दर पौंडामागे कपातीचा तक्ता हवा. करारात '४५ च्या खाली माल नाकारता येईल' असं कलम असेल तर मात्र वाद संपूर्ण २,६०,००० डॉलरचा होतो, आणि मग तीन महिन्यांचा हा रस्ता खरोखर चांगला आहे.

चांगला आहे, पण त्याची एक अट आहे. स्ट्रीमलाइन्ड पद्धतीत सहसा सुनावणी नाही, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं नाहीत आणि समोरच्याकडून कागद मागवून घेण्याची सोयही नाही. आर्बिट्रेटर लेखी म्हणणं आणि सोबतचे कागद बघून निकाल देतो. सुनावणी झालीच तर बहुतेक ऑनलाइन. त्यामुळे 'उलटतपासणीत उघडं पाडू' या भरवशावर बसलेली बाजू इथे हरते. माल उतरला त्याच दिवशी दोघांसमोर काढलेला नमुना, सील केलेल्या पिशवीचा क्रमांक, त्यावर दोन्ही सर्व्हेअरच्या सह्या, ओलाव्याचं माप, कंटेनरचं सील तोडतानाचे फोटो: फाइल एवढ्यावर उभी राहते. नेहमीची चूक अशी की नमुना एकटा खरेदीदार काढतो आणि विक्रेत्याला दोन आठवड्यांनी व्हॉट्सअॅपवर अहवाल धाडतो. तेवढ्या दिवसांत गोव्याच्या दमट हवेत बीने ओलावा धरलेला असतो, आणि विक्रेत्याचा वकील नेमकं तेच म्हणतो. गिनी-बिसाऊ किंवा मोझांबिकहून आलेले मूळ कागद पोर्तुगीजमध्ये असतात. गोव्यात ते वाचणारे अजून भेटतात हे सुदैव, पण आर्बिट्रेटरसमोर इंग्रजी भाषांतर ठेवावंच लागतं, आणि त्याचे दिवस त्याच तीन महिन्यांतून वजा होतात.

पैशाची एक खोच आधी कुणी सांगत नाही. फीची आगाऊ रक्कम दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी भरायची असते. समोरच्याने भरली नाही तर त्याचा वाटाही दावेदाराने भरायचा, नाहीतर काम थांबतं. ज्याला वेळ काढायचा आहे तो आपला वाटा भरतच नाही. शेवटी खर्च वसूल करून मिळतो, पण तोवर दुप्पट रोकड अडकते. दावा लावायचा तर पूर्ण फी स्वतःच्या खिशातून भरायच्या तयारीने. दुसऱ्या कुणाचं पाठबळ घेऊन खटला लढवणार असाल, तर पैसा कोण पुरवतंय ते नव्या नियमांप्रमाणे उघड करावं लागतं.

तातडीच्या आदेशाची जाहिरात खूप होते. इमर्जन्सी आर्बिट्रेटरकडे आता मुख्य दावा दाखल करण्याआधीही जाता येतं, फक्त दावा पुढच्या सात दिवसांत लावावा लागतो. समोरच्याला न कळवता संरक्षक आदेशही मागता येतो. नेमणूक झाल्यापासून चोवीस तासांत त्यावर निर्णय होतो आणि मिळालेला आदेश चौदा दिवस टिकतो. कागदावर झकास. सिंगापूरच्या न्यायालयात असा आदेश लागू करून घेता येतो. पण माल किंवा पैसा भारतात असेल तर गोष्ट वेगळी. अॅमेझॉन विरुद्ध फ्यूचर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये इमर्जन्सी आदेशाला मान दिला, तो सीट, म्हणजे आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण, दिल्ली होती म्हणून. सीट सिंगापूर असेल तर तो आदेश इथे थेट बजावायची तरतूद भारताच्या १९९६ च्या आर्बिट्रेशन कायद्यात नाही. मग त्या कायद्याच्या कलम ९ खाली (न्यायालयाकडून अंतरिम आदेश) अर्ज करून तोच दिलासा नव्याने मागावा लागतो. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक आर्बिट्रेशनमध्ये हा अर्ज जिल्हा न्यायालयात नाही, थेट उच्च न्यायालयात जातो. आपल्यासाठी पर्वरीच्या गोवा खंडपीठासमोर. आर्बिट्रेशन सुरू होण्याआधी असा आदेश मिळाला तर नव्वद दिवसांत ते सुरू करावं लागतं. सरळ बोलायचं तर, प्रतिवादीची मालमत्ता भारतात असेल तर इमर्जन्सीची फी वाचवा आणि पहिल्याच दिवशी पर्वरी गाठा. फक्त करारात कलम ९ वगळलेलं नाही ना, ते आधी बघा. सिंगापुरी नमुन्यावरून उतरवलेल्या करारांत कधी कधी ते वगळलेलं असतं.

खनिजाच्या व्यवहारात या सेवेचा दुबळा सांधा दिसतो. मुरगावहून चीनला जाणाऱ्या एका बोटीमागे निदान दोन करार असतात: माल विकल्याचा आणि बोट भाड्याने घेतल्याचा. विक्रीच्या करारात एसआयएसी, भाड्याच्या करारात लंडनचे सागरी आर्बिट्रेटर. चीनच्या बंदरात रांग लागली, माल उतरवायला दिवस वाढले की डेमरेज, म्हणजे बोट अडकून राहिल्याची भरपाई, बोटमालक लंडनमध्ये मागतो, आणि तेच पैसे खरेदीदाराकडून काढायला निर्यातदाराला सिंगापूरला जावं लागतं. एसआयएसीच्या नियमांत प्रकरणं एकत्र करण्याची आणि एकाच लवादासमोर जोडीने चालवण्याची सोय आहे, पण दोन्ही प्रकरणं तिच्याकडे असतील तरच. बाहेरचं ओढून घेता येत नाही. यावर इलाज सही करतानाच करायचा, नंतर नाही.

कर बदलल्याचे वाद मात्र इथे लवकर सुटू शकतात. २२ मे २०२२ ला केंद्राने लोहखनिजाच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क लावलं आणि १९ नोव्हेंबर २०२२ ला ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेल्या खनिजावरचं काढून टाकलं. गोव्याचा बराच माल याच कमी प्रतीचा. मधल्या सहा महिन्यांतला बोजा कुणाचा, हा प्रश्न पुराव्याचा नाही, कराराच्या अर्थाचा आहे. असा एकच मुद्दा आधी वेगळा काढून निकाली लावण्याचा अर्ज २०२५ च्या नियमांत स्पष्टपणे दिला आहे. तो मान्य झाला तर लोहाची टक्केवारी, ओलं टन की सुकं टन, चढवण्याच्या बंदराचा दाखला खरा की चीनच्या तपासणीचा, या सगळ्या पुराव्यात शिरावंच लागत नाही.

आता कलमाचे शब्द. संस्थेचं नाव पूर्ण आणि अचूक लिहावं. एका संस्थेने दुसरीचे नियम वापरावेत अशी खिचडी करू नये; इन्सिग्मा विरुद्ध अल्स्टॉम प्रकरणात २००९ मध्ये सिंगापूरच्या न्यायालयाने असं कलम वाचवलं खरं, पण ते वाचवण्यासाठी लढावं लागलं. 'सीट: सिंगापूर' हे शब्द हवेतच, नुसतं 'आर्बिट्रेशन सिंगापूरला होईल' लिहिलं की ती सीट की नुसती बसायची जागा, यावर एक वर्ष जातं. सुनावणीची जागा पणजी ठेवायला काहीच हरकत नाही, सीट त्याने बदलत नाही. आणि आजकाल ज्याच्यावर सर्वांत जास्त भांडतात ते एक वाक्य: आर्बिट्रेशनच्या कलमाला स्वतःला कुठला कायदा लागू? इंग्लंडचा २०२५ चा कायदा १ ऑगस्ट २०२५ पासून म्हणतो की, वेगळं लिहिलं नसेल तर सीटचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये डिसॉर्थो प्रकरणात मूळ कराराच्या कायद्याकडे कौल दिला. एकाच करारातून दोन देशांत दोन उत्तरं निघू शकतात. एक ओळ लिहून टाकली की हा प्रश्न उरत नाही.

इतर दुकानांशी थोडक्यात तुलना. पॅरिसच्या आयसीसीची निवाड्याची छाननी जास्त कसून होते, पण लहान दाव्याला ती जड पडते. लंडनच्या एलसीआयएत आर्बिट्रेटरची फी तासावर. प्रकरण छोटं आणि सरळ असेल तर ती स्वस्त, लांबलं की अंदाज राहत नाही. एसआयएसी दाव्याच्या रकमेवर फी लावते, म्हणून खर्चाचा आकडा तिच्या संकेतस्थळावर आधीच काढता येतो. ही तिची जमेची बाजू. मुंबईची एमसीआयए दोन्ही बाजूंची मालमत्ता भारतात असेल तेव्हा सरस, कारण सीट भारतात ठेवली की तिथल्या इमर्जन्सी आदेशाला वरची अडचण येत नाही. समोर सरकारी कंपनी असेल तर आधी करारात आर्बिट्रेशन आहे का तेच बघा: केंद्राच्या ३ जून २०२४ च्या सूचनांनंतर दहा कोटींपेक्षा मोठ्या वादांसाठी ते सरसकट ठेवलं जात नाही.

शेवटी वसुली. सिंगापूरचा निवाडा भारतात न्यूयॉर्क कन्व्हेन्शनखाली, म्हणजे एकमेकांचे निवाडे मानण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, लागू होतो. सिंगापूर आपल्या राजपत्रातल्या यादीत आहे. अर्ज पुन्हा पर्वरीलाच. सोबत निवाड्याची मूळ किंवा प्रमाणित प्रत, कराराची मूळ किंवा प्रमाणित प्रत आणि हा परदेशी निवाडा असल्याचा पुरावा लागतो. मुद्रांक शुल्क लागत नाही, हे २०१८ च्या श्रीराम ईपीसी निकालाने ठरलं आहे. मुदत तीन वर्षं, हे २०२० मध्ये वेदांताच्या प्रकरणात स्पष्ट झालं. तीच वेदांता, जिचं नाव एके काळी सेसा गोवा होतं. विरोध करायला १९९६ च्याच कायद्याच्या कलम ४८ मधली मोजकीच कारणं आहेत आणि अंमलबजावणीचा आदेश झाल्यावर त्यावर या कायद्याखाली अपील नाही. अडकतं ते भलत्याच ठिकाणी: करार ईमेलवर सह्या करून झालेला असतो, मूळ प्रत कुणाकडेच नसते आणि तीन वर्षांनी ईमेल पाठवणारा कर्मचारी नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून निवाडा हाती आला त्याच आठवड्यात रजिस्ट्रारकडून दोन प्रमाणित प्रती मागवाव्यात, आणि सहीचा तो ईमेल जोडपत्रांसकट वकिलाच्या कपाटात छापील स्वरूपात ठेवावा.