बारा व्होल्ट दिसले, तरी डिकी उघडेना: सर्किट टेस्टरचे परीक्षण

डिकीचे बटण दाबले की लॅचमधून, म्हणजे झाकण अडकवून ठेवणाऱ्या कुलपातून, क्षीण ‘टक’ असा आवाज येई आणि झाकण जागचे हलत नसे. कधी तिसऱ्या प्रयत्नात ते उघडे, कधी दिवसभर उघडत नसे. फ्यूज शाबूत होता. रिलेच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) जागी तसाच दुसरा रिले लावून पाहिला, तरी काही फरक पडला नाही. मागच्या सीटची पाठ पाडून आत शिरलो, आणीबाणीची कळ ओढून डिकी उघडली आणि लॅचच्या मोटरचा कनेक्टर काढून त्यात मल्टिमीटर लावला. बटण दाबताच मीटरवर 12.4 व्होल्ट दिसले. सप्लाय येतो आहे, अर्थही (बॅटरीच्या मायनसची जोडणी) आहे, म्हणजे मोटरच निकामी झाली असणार, असा निष्कर्ष मी काढला आणि तो चुकीचा होता. तो चुकीचा असल्याचे ज्या उपकरणामुळे कळले, त्याचे हे परीक्षण आहे.

हे उपकरण म्हणजे गाडीच्याच बॅटरीवर चालणारा, हातात धरायचा सर्किट टेस्टर. त्याचे दोन चिमटे बॅटरीच्या दोन टोकांना लावायचे आणि टोकाची सुई तपासायच्या जागी टेकवायची. सुईला प्लस मिळाला की लाल दिवा लागतो, अर्थ मिळाला की हिरवा लागतो, आणि वायर मध्येच तुटलेली असेल तर एकही लागत नाही. छोट्या पडद्यावर व्होल्टेज दिसते. मात्र त्याला साध्या टेस्ट लॅम्पपेक्षा वेगळे ठरवते ते त्यावरचे बटण. ते पुढे दाबले की सुईतून बॅटरीचा प्लस मिळतो आणि मागे दाबले की अर्थ मिळतो. त्यामुळे एखादा भाग गाडीच्या वायरिंगपासून वेगळा काढून थेट चालवून पाहता येतो. बॅटरी पुढे आणि डिकी मागे अशा गाडीत केबलची लांबी फार महत्त्वाची असते, आणि या टेस्टरची केबल मागच्या लॅचपर्यंत आरामात पोहोचते.

मोटरच्या एका पिनेला चिमट्याने अर्थ दिला, दुसऱ्या पिनेला सुई टेकवून बटण दाबले, आणि लॅच खाडकन उघडला. मोटर ठणठणीत होती. मग कनेक्टर पुन्हा जोडला, मागच्या बाजूने सुई पिनेपर्यंत सरकवली आणि गाडीचे बटण दाबायला घरातल्या एकाला सांगितले. मघाचे 12.4 व्होल्ट वायरवर मोटरचा भार येताच, म्हणजे मोटर करंट ओढू लागताच, 3 व्होल्टच्याही खाली घसरले.

मल्टिमीटर यात खोटे बोलत नसतो, हे समजून घ्यायला हवे. त्याचा अंतर्गत रोध साधारण 10 मेगाओहम असतो, म्हणून तो वायरमधून जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट ओढतो. वायर आतून तुटून तिचे दोन-चार तंतू कसेबसे टेकलेले असले, तरी एवढा करंट सहज जातो आणि पूर्ण व्होल्टेज दिसते. मोटरला मात्र काही अँपिअर लागतात. समजा मोटरचा रोध 2 ओहम आहे आणि खराब जोडात 10 ओहम आहेत, तर बारा व्होल्टपैकी दहा त्या जोडातच खर्च होतात आणि मोटरच्या वाट्याला दोनच उरतात. तो क्षीण ‘टक’ आवाज तिथून येत होता.

पुढचा शोध सोपा होता. झाकणाकडे जाणाऱ्या वायरचा गुच्छ बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातो. नळीच्या अलीकडे, बॉडीच्या बाजूला, भारासह 12.1 व्होल्ट मिळत होते. पलीकडे मिळत नव्हते. रबर मागे सारून एकेक वायर हलकेच ओढली, तेव्हा एक वायर रबरबँडसारखी ताणली गेली. तिचे आवरण अखंड होते, आतले तांबे तुटलेले होते. झाकण उघडताना आणि मिटताना वायर नेमकी तिथेच दुमडते, म्हणून डिकीचे लॉक, नंबरप्लेटचे दिवे आणि मागचा कॅमेरा यांचे दोष पुष्कळदा याच जागी सापडतात. मी तिथे लवचीक वायरचा लांब तुकडा घातला आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या भागात घेतले. वाकणाऱ्या जागीच सोल्डर केले, तर त्या कडक झालेल्या टोकाशी वायर पुन्हा तुटते.

टेस्टरच्या उणिवाही गंभीर आहेत. त्याच्या पडद्यावर दशांशानंतर एकच आकडा दिसतो. अर्थच्या बाजूचा व्होल्टेज ड्रॉप (वाटेतच खर्च होणारे व्होल्टेज) 0.1 व्होल्टच्या आत आहे की नाही, हे पाहायला मल्टिमीटरच हवा. दुसरी उणीव अधिक धोक्याची आहे. हल्लीच्या अनेक गाड्यांत झाकणावरचे बटण मोटरला थेट सप्लाय देत नाही. ते बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (दिवे, लॉक वगैरे चालवणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकाला) फक्त इशारा देते आणि मॉड्यूल रिलेमार्फत किंवा स्वतःच मोटर चालवते. अशा इशाऱ्याच्या वायरवर चुकून थेट प्लस दिला, तर मॉड्यूल जळू शकते. टेस्टरच्या पुस्तिकेत याविषयी एकच मोघम ओळ आहे, ती पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असायला हवी होती. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या रंगाच्या, कनेक्टरांजवळ तर ही सुई नेऊच नये. शिवाय सुई इतकी तीक्ष्ण आहे की आवरण टोचून तपासण्याचा मोह होतो, आणि त्या छिद्रातून पाणी शिरून पुढे तांबे गंजते.

ज्याला वायरिंगचा नकाशा वाचता येतो आणि कोणती वायर भाराची, कोणती इशाऱ्याची हे ओळखता येते, त्याने हा टेस्टर जरूर घ्यावा, पण मल्टिमीटर टाकून देऊ नये. नवख्याने आधी साधा बल्बचा टेस्ट लॅम्प वापरावा. 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, त्यामुळे असा तुटका जोड तोही उघडा पाडतो. तोसुद्धा फक्त भाराच्या वायरवरच लावावा, मॉड्यूलच्या इशाऱ्याच्या वायरवर नाही.

चाचणीच्या वेळी झाकण उघडे ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवावा, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला आत शिरावे लागत नाही. झाकण लावण्यापूर्वी मात्र तो लॅच पुन्हा उघडून घ्यावा.