रात्रीच्या बसने कॉन्सर्टला: १९ प्रवासांनंतरचं माझं मत

परगावी जाऊन मी आजवर २३ कार्यक्रम ऐकलेत, त्यातले १९ रात्रीच्या बसने. गाणं प्रत्यक्ष ऐकायची ओढ आहे आणि खिसाही सांभाळायचाय, अशा माणसाला याहून चांगली सोय नाही असं मी मनापासून सांगते. पण परतीचं तिकीट चुकलं की हीच सोय सगळ्यावर पाणी फिरवते. ते मी सोसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बस आणि रेल्वेची तिकिटं शेजारी ठेवून लोक म्हणतात, फरक तर फारसा नाही. खरी बचत तिकिटात नसतेच, ती मुक्कामात असते. रात्री बसमध्ये बसायचं, सकाळी त्या शहरात उतरायचं, कार्यक्रम ऐकून पुन्हा बस धरायची. खोली घ्यावीच लागत नाही. मोठा कार्यक्रम जाहीर झाला की आसपासच्या खोल्यांचे भाव चढतात, हे ज्याने एकदा तरी शोधाशोध केलीय त्याला माहीत आहे. म्हणून मी कार्यक्रमाचं तिकीट हातात पडलं की त्याच बैठकीत बसचंही काढून टाकते.

आता चूक सांगते. या प्रवासांच्या तिसऱ्या वर्षी एका बँडसाठी साडेनऊ तास प्रवास करून गेले होते. परतीची बस रात्री ११:४० ची, मैदानापासून थांबा पायी २५ मिनिटांवर. ११ वाजले तरी कार्यक्रम रंगातच होता आणि ज्या एका गाण्यासाठी मी आले होते, ते अजून झालं नव्हतं. पाच मिनिटं थांबले, मग गर्दीतून वाट काढत फाटकाबाहेर पडले. रस्ता ओलांडला आणि मागून त्याच गाण्याची सुरुवात ऐकू आली. भिंतीपलीकडून शब्द येत नाहीत, फक्त बासचे ठोके येतात, छातीत जाणवतील असे. मी चालत राहिले. धापा टाकत वेळेवर पोचले, आणि बस आली रात्री १ वाजता. ८० मिनिटं उशिरा. डोक्यावर छप्पर नाही, कंपनीचा साधा मेसेज नाही, फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज. तक्रारीला नंतर एका ओळीचं उत्तर आलं. उशिराचा राग महिन्याभरात गेला. त्या गाण्याची हळहळ अजून आहे, कारण त्या बँडने नंतर एकत्र वाजवणंच थांबवलं.

तेव्हापासून कार्यक्रम संपायच्या जाहीर वेळेनंतर किमान अडीच तासांनी सुटणारी बस असेल तरच रात्री परतते, नाहीतर सरळ पहाटेची घेते. उघड्या मैदानांना आवाज बंद करायची ठरलेली वेळ असते, ती आधी शोधून ठेवावी. लंडनच्या हाइड पार्कमध्ये २०१२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी हे गायक एकत्र गायल्यावर वेळ उलटली म्हणून माइक बंद केले होते. म्हणजे कार्यक्रम जास्तीत जास्त किती लांबेल, याचा अंदाज ती वेळ देते. बंद सभागृहात मात्र तेवढ्यावर विसंबू नये. बाहेर पडणाऱ्या गर्दीतच अर्धा तास जातो.

पहाटेच्या बसची अडचण वेगळी आहे: मधले तास काढायचे कुठे? स्थानकातलं प्रतीक्षालय रात्रभर उघडं असतं का, हे मी फोन करून विचारते. संकेतस्थळावर लिहिलेलं दरवेळी खरं नसतं. एकट्या बाईने तर हे विचारल्याशिवाय तिकीट काढूच नये. सामानाचंही तसंच. बऱ्याच सभागृहांत मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, म्हणून आपण ती स्थानकाच्या लॉकरमध्ये ठेवतो, आणि काही ठिकाणी तो लॉकरचा कक्ष रात्री बंद होतो. एका मुलीची बस डोळ्यांदेखत गेली आणि तिची बॅग शटरच्या आत, हे मी पाहिलंय. आता मी एवढंसंच सामान नेते की ते आत नेता येतं: एक पातळ पिशवी, पॉवर बँक, गुंडाळला की उशी होणारा स्वेटर, आणि दोन्ही तिकिटांची कागदी प्रत.

जागेबाबत मी हट्टी आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, खिडकीकडची. मागच्या चाकांवर प्रत्येक खड्डा पाठीत बसतो, शेवटच्या रांगेतल्या सीटची पाठ बहुतेक बसमध्ये मागे जात नाही, आणि स्वच्छतागृहाजवळ दर थोड्या वेळाने दार उघडून उजेड तोंडावर येतो. मधल्या जागेवर काचेला स्वेटर लावून डोकं टेकलं की इंजिनाची घरघर कपाळातून खाली उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला डोळा लागतो.

मध्यरात्री बस थांबते, दिवे लागतात, लोक कुरकुरतात. मला तो थांबा हवा असतो. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती द्यावीच लागते, आणि दिवसभरातलं चालवणं ९ तासांचं. आठवड्यातून दोनदाच ते १० पर्यंत नेता येतं. लांबच्या मार्गावर दुसरा चालक दिसतो तो यामुळेच. वेळापत्रकात थांबाच नसेल आणि चालकही एकच असेल, तर कितीही स्वस्त असो, मी त्या बसमध्ये पाऊल ठेवत नाही.

परतताना कानांत हेडफोन घालू नका, ही कळकळीची विनंती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांतल्या आवाजासाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. ती पाळली तरी दोन-तीन तासांनी कान थकतात. त्यांना रात्रभर गप्प बसू द्यावं. मी कार्यक्रमात इअरप्लग, म्हणजे आवाज अडवणारे बोळे, घालते, गाण्याची मजा त्याने कमी होत नाही.

बस आणि गाणं यांचं नातं मला एरवीही आवडतं. ग्रेहाउंड ही अमेरिकी बससेवा १९१४ साली मिनेसोटातल्या हिबिंग नावाच्या खाणगावात सुरू झाली, आणि गायक बॉब डिलन वाढला तो त्याच हिबिंगमध्ये. दौऱ्यावरचे कितीतरी वादक आजही बर्थ असलेल्या बसमध्ये झोपूनच पुढचं शहर गाठतात. मागच्या वर्षी पहाटेच्या बसमध्ये माझ्या पुढे दोघं बसले होते, मनगटावर माझ्यासारखाच कार्यक्रमाचा कागदी पट्टा. त्यातली मुलगी काचेवर साचलेल्या वाफेवर बोटाने ताल धरत होती. कोणता, ते मला लगेच कळलं. शेवटून दुसऱ्या गाण्याचा. मीही गुडघ्यावर धरला. तिने वळून पाहिलं, आणि उतरेपर्यंत आम्ही तिघं त्या रात्रीबद्दलच बोलत होतो.

मी या सोयीला पाचपैकी चार देते. एक कापला तो बस उशिरा असताना प्रवाशाला काहीच न कळवण्यासाठी. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला एक मेसेज मिळालाच पाहिजे.

पुढचं तिकीट काढलंय. जायला ११ तास, परतायला सकाळी ६:१० ची बस. प्रतीक्षालय रात्रभर उघडं असतं, दोनदा विचारून खात्री केलीय.