ठाण्यातील एका समुपदेशन केंद्राची ‘व्यसनधोका चाचणी’: पालकाचा अनुभव

अकरावीतल्या धाकट्या मुलीला घेऊन मी गेल्या महिन्यात पाचपाखाडी परिसरातील एका समुपदेशन केंद्रात गेलो होतो. किशोरवयीन मुलांमध्ये अमली पदार्थांच्या आहारी जाण्याचा कल किती आहे, हे स्वभावचाचणीवरून सांगतो, असे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिले होते. चाचणी आणि समुपदेशनाचे सत्र या दोन्हींबद्दल माझे मत वेगवेगळे आहे.

चाचणी म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन झुकरमन यांच्या ‘सेन्सेशन सीकिंग’ (थराराची आणि नवेपणाची ओढ) मापनश्रेणीचे मराठी रूपांतर होते. तिची पहिली आवृत्ती 1964 सालची असून आम्हाला दिलेली 1978 सालची पाचवी आवृत्ती होती. तीत 40 जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील दोन वाक्यांपैकी एक निवडावे लागते. थरार व साहसाची ओढ, नव्या अनुभवांची ओढ, संयम सैल सोडण्याची वृत्ती आणि कंटाळा न सोसण्याची वृत्ती असे तिचे चार भाग असून प्रत्येकात 10 प्रश्न आहेत. पॅराशूटने उडी मारावी का, लाटांवर फळी घेऊन स्वार व्हावे का, असे प्रश्न माहुलीच्या सुळक्यांवर दोर लावून चढणाऱ्या माझ्या मुलीला परके वाटले, तरी तिने ते निमूटपणे सोडवले. कंटाळ्याच्या प्रश्नांवर मात्र तिने विचारले, “बाबा, कंटाळा येणं हाही आता गुन्हा आहे का?”

अहवालात 40 पैकी 27 गुण आणि खाली लाल अक्षरांत ‘उच्च धोका’ एवढेच छापले होते. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याने हा अहवाल इतर पालकांसमोर उघडाच हातात दिला, ही गोष्ट मला अजूनही खटकते.

माझा मुख्य आक्षेप मात्र एकूण गुणांवरच आहे. थराराच्या या ओढीचा आणि व्यसनाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, हे खरे. पण तो सगळ्या भागांशी सारखा नाही. संयम सैल सोडण्याच्या वृत्तीशी तो बळकट असतो, तर साहसाच्या ओढीशी बराच क्षीण असतो, आणि माझ्या मुलीचे किती गुण साहसाच्या रकान्यातले होते, हे अहवालात दिलेच नव्हते. त्यातच या आवृत्तीत गांजा ओढून पाहिला आहे किंवा पाहावासा वाटतो, अशा आशयाचेही वाक्य आहे. जे ओळखायचे तेच प्रश्नात विचारून मग त्यालाच कारण ठरवणे हा उघड घोळ असून अभ्यासकांनी तो पूर्वीच दाखवून दिला आहे. 2002 साली आलेल्या 8 प्रश्नांच्या संक्षिप्त श्रेणीत हा घोळ टाळला असून तीत दोनपैकी एक वाक्य निवडण्याऐवजी पाच पायऱ्यांवर उत्तर देता येते. शिवाय ही ओढ किशोरवयाच्या उत्तरार्धात सर्वाधिक असते आणि पुढे ओसरत जाते. मग या वयाच्या मुलांना कोणत्या समवयस्कांशी ताडून ‘उच्च’ म्हटले, याचा अहवालात मागमूस नव्हता.

सत्र मात्र मनापासून आवडले. समुपदेशक बाईंनी अहवाल बाजूला ठेवून मुलीशी तासभर बोलणे केले. मला बाहेर बसवले, तेही योग्यच. कंटाळा आला की ती कोणाबरोबर असते, भीती वाटली की काय करते, निराश कधी होते, असे त्यांनी विचारल्याचे मुलीनेच नंतर सांगितले. हे मला सुज्ञपणाचे वाटले, कारण 2009 साली प्रसिद्ध झालेल्या 23 प्रश्नांच्या एका श्रेणीत थराराच्या ओढीबरोबरच निराशा, चिंतेविषयीची संवेदनशीलता आणि उतावीळपणाही मोजतात. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी याच चार स्वभावधर्मांवर बेतलेला शाळेतला प्रतिबंधक कार्यक्रमही तयार केला आहे, ज्यात दीड-दीड तासाची दोनच सत्रे असतात. निराशेतून दारूकडे वळणारे मूल आणि गंमत म्हणून वळणारे मूल यांना एकच उपदेश लागू पडत नाही, हे त्यामागचे सूत्र. केंद्राने हे चारही पैलू चाचणीतच घेतले असते, तर अहवालालाही काही अर्थ आला असता.

पाचपैकी चाचणीला दीड आणि सत्राला साडेचार तारे देतो. जाण्यापूर्वी कोणती श्रेणी वापरतात आणि भागवार गुण देतात का, हे दूरध्वनीवर विचारून घ्यावे. चाचणी न घेता केवळ सत्राचे शुल्क भरता येते, पण ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.