एच६१० की बी७६० मदरबोर्ड? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात एडिटिंग करणाऱ्यांसाठी

अमळनेरचा माझा आतेभाऊ लग्नांचे फोटो-व्हिडिओ करतो. जुन्या मशीनने यंदा मान टाकली, तेव्हा नवं जुळवायचं ठरलं. प्रोसेसर इंटेलचा आय५-१४४०० पक्का झाला, ग्राफिक्स कार्ड जुनंच चालणार होतं. गाडी अडली ती मदरबोर्डवर. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या दुकानदाराने दोन खोकी पुढ्यात ठेवली, एक एच६१० चं आणि एक बी७६० चं. ही बोर्डवरच्या चिपसेटची नावं; चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. फुईने (आत्याने) तिथल्या तिथे निकाल दिला, "कसाले इतला पैसा घालस?"

फुईचा प्रश्न चुकीचा नाही. दोन्हींचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एकच, एलजीए १७००. दोन्हींवर इंटेल प्रोसेसरांची बारावी, तेरावी, चौदावी पिढी बसते. सॅटा पोर्ट (केबलने जोडायच्या डिस्कसाठीचे) दोन्ही चिपसेटमध्ये चारपर्यंतच. ओव्हरक्लॉकिंगने प्रोसेसर पळवायची सोय दोन्हींत नाही, त्यासाठी झेड मालिका घ्यावी लागते आणि ती आपल्याला नको. प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातला रस्ताही दोन्हींत चौपदरीच. थोडक्यात, बी७६० घेतल्याने आय५ जास्त पळेल असं कोणी सांगत असेल तर तो माल खपवतोय.

मग पैसे कशाचे? कागदावर बघाल तर लेनचे, म्हणजे एसएसडी आणि कार्डांचा डेटा ज्यांवरून धावतो त्या पीसीआयई वाटांचे. ३.० पेक्षा ४.० ची वाट दुप्पट वेगाची. एच६१० चा चिपसेट पीसीआयई ३.० च्या आठपर्यंत लेन देतो, ४.० ची एकही नाही. वर प्रोसेसरकडे एसएसडीसाठी ४.० च्या चार लेन राखीव असतात, त्याही एच६१० वर बंद. बी७६० त्या चार उघडतो आणि स्वतःच्या ४.० च्या दहापर्यंत आणि ३.० च्या चारपर्यंत लेन देतो. हातात येतं ते असं: एच६१० वर बहुधा एकच एम.२ स्लॉट (बोर्डवरच बसणाऱ्या एसएसडीची खाच), सेकंदाला साधारण ३,५०० एमबीचा. बी७६० वर दोन-तीन स्लॉट, ७,००० एमबीपर्यंतचे.

हा दुप्पट वेग दुकानात ऐकायला छान वाटतो, पण कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करताना त्याचा काडीचाही उपयोग नाही. यूएचएस-२ या वेगवान जातीच्या कार्डाची कमाल मर्यादाच सेकंदाला ३१२ एमबी. खालची एसएसडी कितीही तेज असो, कार्ड आपल्याच चालीने चालणार. उपयोग स्लॉटच्या संख्येचा आहे. एका एसएसडीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर चालू लग्नाचं फुटेज. एकच स्लॉट असला की दुसरी एसएसडी सॅटाची घ्यावी लागते, तीही चालते, पण केबलींचं जंगल वाढतं आणि वेग ५५० एमबीच्या आसपास अडतो.

रॅमचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एच६१० ला रॅमच्या दोन चॅनेलपैकी (वाटांपैकी) प्रत्येकावर एकच पट्टी चालते, म्हणजे बोर्डवर दोनच खाचा. आज ८ जीबीच्या दोन पट्ट्या टाकल्या आणि वर्षभराने १६ जीबी कमी पडायला लागली (फोर-के टाइमलाइनवर पडतेच), की त्या दोन्ही काढून विकायच्या. चार खाचांच्या बी७६० वर नुसती भर घालता येते. पण सगळ्या बी७६० बोर्डांवर चार खाचा नसतात, नाव वाचून भुलू नका, खोक्यावरचं चित्र मोजा. डीडीआर४ की डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) हेही चिपसेट ठरवत नाही, बोर्ड ठरवतो. घरात जुन्या डीडीआर४ पट्ट्या असतील तर त्या कामी येतील असा बोर्ड दोन्ही चिपसेटमध्ये मिळतो.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे लग्नांची धांदल आखाजीच्या आगेमागे, एप्रिल-मे महिन्यांत. रेंडर (एडिट झालेल्या व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणं) रात्रंदिवस चालतो तो नेमका त्याच दिवसांत, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो. पुण्या-मुंबईच्या माणसाने एसीत बसून केलेली बोर्डाची पारख इथे अर्धीच कामाची.

पॉवर सप्लायकडून बोर्डाला १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला हवा असतो सव्वा व्होल्टच्या आसपास. हा उतार करतं ते व्हीआरएम, म्हणजे सॉकेटच्या डावीकडे आणि वर बसलेली मॉस्फेट आणि चोक या वीज सांभाळणाऱ्या भागांची रांग. आय५-१२४०० पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत ओढतो, आय५-१४४०० ची मर्यादा १४८ वॉट, आय७-१४७०० ची तर २१९. १४८ वॉट म्हणजे शंभर अँपिअरच्या वर करंट, तोही तासन्‌तास. स्वस्त एच६१० वर ही मॉस्फेट उघडी असतात, डोक्यावर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नाही. ती तापली की बोर्ड प्रोसेसरला लगाम घालतो. मशीन बंद पडत नाही, फक्त रेंडर रांगायला लागतो आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो. मी स्वतः दोन उन्हाळ्यांपूर्वी एका एच६१० वर आय७ बसवून हा धडा घेतला. रात्री बरं चालणारं मशीन दुपारी दोनला ढेपाळायचं. प्रोसेसरचं तापमान ठीक दिसायचं, म्हणून दोष सापडायला आठवडा गेला.

यात एक गंमत आहे. इंटेलच्या डब्यात येणारा साधा पंखा वरून खाली फुंकतो, त्यामुळे आजूबाजूच्या मॉस्फेटलाही वारा लागतो. हौसेने पाण्याचा कूलर लावला की तो वारा जातो आणि व्हीआरएम उलट जास्त तापतं. उघड्या व्हीआरएमच्या बोर्डवर लिक्विड कूलर म्हणजे टोपी घालून अनवाणी चालणं. आणि खोलीतला वाळ्याचा कूलर? त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. दमट हवा आणि आपली धूळ मिळून बोर्डवर जो थर चढतो तो ब्लोअरनेही निघत नाही.

बी७६० वर व्हीआरएमला हीटसिंक बहुधा असतो, पण दोन्ही बाजूंना असेलच असं नाही. फक्त डाव्या बाजूला असेल तर आय५ ला पुरे, आय७ ला नाही.

मांडणीत आणखी दोन-तीन गोष्टी बघा. एम.२ स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली असेल तर एसएसडी उन्हाळ्यात भाजते, कार्डाच्या वरचा असलेला बरा. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी किती जोडण्या आहेत ते मोजा; एच६१० वर कित्येकदा एकच असते. सॅटा पोर्ट उभे आहेत की आडवे, हे लांब कार्ड असेल तरच महत्त्वाचं. बाकी आरजीबी दिवे वगैरे आपापली हौस.

बायोसचं (बोर्डातच असलेल्या, मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) मात्र विसरू नका. एच६१० जानेवारी २०२२ मध्ये आला, तेव्हा फक्त बारावी पिढी होती. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डवर चौदावी पिढी लावली तर स्क्रीन काळीच राहू शकते, आणि अपडेट करायला बाराव्या पिढीचा प्रोसेसर तालुक्याला कुठे शोधणार? प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस बदलायचं बटण काही बी७६० बोर्डांवर असतं, एच६१० वर क्वचित. शिवाय तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या मोठ्या प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजचा जो दोष निघाला होता, त्यावरचा इंटेलचा इलाज २०२४ मध्ये बायोसमधूनच आला. आय७ घेणाऱ्याने तो टाकून घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

इंटेलऐवजी एएमडीच्या प्रोसेसरांचं काय, असं विचारणारे असतीलच. एलजीए १७०० ची वाट चौदाव्या पिढीला संपते, पुढे प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही बदलावा लागेल. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर तसं नाही, पण तिथे डीडीआर५ सक्तीची. भावाकडे डीडीआर४ च्या ३२ जीबी पडून होत्या, म्हणून तो विषय आम्ही तिथेच मिटवला.

एच६१० वाईट नाही. कृषी केंद्राचं बिलिंग, सेतू केंद्र, क्लासचं ऑफिस, अशा ठिकाणी मी डोळे झाकून तोच देतो. जुन्या मॉनिटरला व्हीजीए (जुन्या धाटणीची जोडणी) लागतं, ते त्यावर सर्रास मिळतं. भावाच्या दुकानात अल्बमच्या ऑर्डरी घेणाऱ्या टेबलावर, आय३ सोबत, आम्ही एच६१० च लावला. एडिटिंगला चार खाचांचा, दोन्ही बाजूंना हीटसिंक असलेला डीडीआर४ चा बी७६०. फुईला मी वायरींचा हिशोब सांगितला: पातळ वायरीवर मोटर चालवली तर काय होतं ते शेतातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

बोर्ड घेताना दुकानातच खोका उघडून सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढायला लावा आणि आतल्या पिनांचा मोबाइलवर फोटो घ्या. या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. एक वाकडी निघाली आणि तुम्ही घरी पोचलेला असाल, तर वॉरंटीवाला तुमच्याकडेच बोट दाखवतो.