साथीत गाव सांभाळायचं तर सक्ती, बक्षीस की दारोदार? मराठवाड्यात 2021 ला काय काय करून पाहिलं त्याची तुलना

आमच्या भागात नव्यानं निवडून आलेले सरपंच आणि मेंबर मंडळी भेटली की हा विषय निघतोच, उद्या परत अशी साथ आली, लस आली, बंधनं आली तर आपण कोणत्या वाटेनं जायचं. प्रश्न बरोबर आहे, कारण कोरोनात सरपंचाच्या हातात कागदावर फार काही नव्हतं पण लोक पहिले त्याच्याच दारात यायचे. म्हणून मराठवाड्यात तेव्हा जे जे केलं गेलं ते शेजारी शेजारी ठेवून लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे वाचताना गोंधळ नको: आधी सोय करा, मग ओळखीचा माणूस दारात पाठवा, सक्ती अगदी शेवटी, आणि ती करायचीच झाली तर माणसाच्या रेशनला हात लावू नका.

आधी तेव्हाची परिस्थिती आठवा. 3 नोव्हेंबर 2021 ला पंतप्रधानांनी देशातल्या लसीकरणात मागं पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली, पहिला डोसही 50 टक्क्यांच्या आत असलेले जिल्हे. त्यात महाराष्ट्रातले जे होते त्यात औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), बीड, नांदेड आणि हिंगोली, म्हणजे एकट्या मराठवाड्यातले चार. आणि त्यावेळी राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे आपल्याच जालन्याचे. जानेवारीत लसीची ड्राय रन म्हणजे रंगीत तालीम झाली त्यातही जालना होतं. म्हणजे मंत्री आपला, सुरुवात आपल्याकडं, तरी आकडे मागं. का, ते पुढं येईलच.

औरंगाबादनं सक्तीची वाट धरली. त्याच नोव्हेंबरात जिल्हा प्रशासनानं आदेश काढला की किमान एक डोस घेतल्याचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही, आणि अजिंठा-वेरूळ बघायलाही सोडणार नाही. तोवर जिल्ह्यात पात्र लोकांपैकी 55 टक्क्यांच्या आसपास लोकांनी पहिला डोस घेतला होता, राज्याचा आकडा 74 च्या घरात, आणि 36 जिल्ह्यांत नंबर 26 वा. घाई का झाली ते समजतं, दुसरी लाट ज्यांनी डोळ्यांनी पाहिली त्यांना तिसरीची धास्ती होतीच. आदेशानंतर केंद्रांवर गर्दी वाढली हे खरंय आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला लसीचा राग नव्हता, फक्त "बघू नंतर" म्हणून टाळत होता, तो पेट्रोलसाठी का होईना आला.

पण या आदेशात पेट्रोल आणि रेशन एका ओळीत बसवलं, माझा आक्षेप तिथं आहे. पेट्रोल अडवलं तर गाडीवाला कुरकुर करेल, शेजाऱ्याची गाडी मागेल, दोन दिवसांनी लस घेईल. रेशन अडवलं तर ज्या घरात महिन्याचे गहू-तांदूळ त्याच दुकानातून येतात तिथं चूल अडते, आणि 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं ते धान्य त्या कुटुंबाचा हक्क आहे, प्रशासनाची मेहरबानी नाही. शिवाय लस न घेतलेला माणूस कोण होता तेही बघा, तो बऱ्याचदा तोच होता ज्याच्याकडं स्मार्टफोन नाही, मजुरी बुडवून केंद्रावर जाणं परवडत नाही. म्हणजे ज्याच्यापर्यंत आपणच पोचलो नाही त्यालाच शिक्षा. मे 2021 आठवा, लसीच्या नोंदणीच्या कोविन पोर्टलवर स्लॉट मिळत नव्हते, शहरातली मंडळी गाड्या करून खेड्यातल्या केंद्रांवर येऊन डोस घेऊन गेली, आणि 12 मे ला राज्य सरकारनं साठा कमी म्हणून 18 ते 44 वाल्यांचं लसीकरणच थांबवलं, तो साठा 45 च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडं वळवला. तो निर्णय त्यावेळी बरोबरच होता, पण मे महिन्यात ज्याला "लस नाही, जा" म्हटलं त्यालाच नोव्हेंबरात "घेतली का नाही" म्हणून दम दिला तर तो तुमचं कशाला ऐकेल.

कोर्टानं काय म्हटलं हेही ठरवणाऱ्यानं लक्षात ठेवावं. 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही, शरीरावरचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये येतो. पण त्याच निकालात असंही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, मात्र ती धोक्याच्या प्रमाणात पाहिजेत, आणि त्यावेळी रुग्ण कमी झालेले असताना लस न घेतलेल्यांवरची बंधनं प्रमाणाबाहेर आहेत. म्हणजे सक्तीला दार पूर्ण बंद नाही, पण कारण, मुदत आणि प्रमाण दाखवावं लागतं. ऑस्ट्रियानं तर सगळ्या प्रौढांना लस सक्तीचा कायदाच केला, फेब्रुवारी 2022 मध्ये लागू, मार्चमध्ये स्थगित, उन्हाळ्यात रद्द. उलट पोर्तुगालमध्ये एका नौदल अधिकाऱ्याकडं मोहीम सोपवली, शिस्तीत सोय लावली, आणि सगळ्यांवर सक्तीचा कायदा न करता ऑक्टोबर 2021 पर्यंत 85 टक्क्यांच्या आसपास लोकांचं लसीकरण पूर्ण झालं. तो देश आपल्यासारखा नाही, मान्य, पण आधी काय आणि मग काय हा क्रम शिकण्यासारखा आहे.

हिंगोलीत बक्षिसाची वाट काढली, नगरपरिषदेनं लस घेणाऱ्यांसाठी लकी ड्रॉ ठेवला, एलईडी टीव्ही, वॉशिंग मशीन, फ्रीज. याला हसणारे होते, मी हसत नाही. कुणाचं काही हिरावून न घेता चार माणसं जास्त आली तर चांगलंच. फक्त एवढंच की बक्षीस त्यालाच ओढतं ज्याच्या घराजवळ केंद्र आहे आणि वेळ आहे. शहराच्या वॉर्डात चालेल, तांड्यावर त्याचा उपयोग नाही. छोट्या ग्रामपंचायतीला तर मी सांगेन की त्या पैशातून संध्याकाळच्या सत्रासाठी लाईट आणि गाडीची सोय करा.

आता तिसरी वाट, दारोदार जायची, हर घर दस्तक नावानं देशभर झाली ती. यावर मी जास्त लिहिणार कारण खरं काम इथंच झालं आणि त्याचं श्रेय सगळ्यात कमी मिळालं.

कोविशिल्डची एक बाटली दहा डोसची, उघडली की चार तासात संपवायची, उरलं ते फेकायचं, आणि वाया गेलेल्या डोसचा हिशोब वर द्यावा लागायचा. त्यामुळं नर्सताई बाटली उघडायच्या आधी माणसं मोजायच्या. आमच्या जवळच्या एका तांड्यावर मी स्वतः बघितलंय, लिंबाच्या झाडाखाली टेबल, त्यावर निळा व्हॅक्सिन कॅरिअर, आणि समोर तीन म्हातारी माणसं. बाकी सगळा तांडा कापूस वेचायला. तीन माणसांसाठी बाटली फोडावी का नाही, ताई घड्याळाकडं बघतायत आणि आशाताई फोन लावतायत. दुपारी चारला टीम निघून जाणार आणि बाया शेतातून परत येणार दिवस मावळल्यावर. कागदावर लिहिलं जाणार, लोकांचा प्रतिसाद नाही.

मग आशाताईंनीच सुचवलं की सत्र संध्याकाळी सातला सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर लावा. तसं लावलं आणि एकामागून एक बाटल्या संपल्या. लोक विरोधात नव्हते हो, घरी नव्हते. एका बाईनं विचारलं, "ताप भरला तर दोन दिसाची मजुरी कोण देनार?" तिला विज्ञान नको होतं, तिचा हिशोब अगदी बरोबर होता. ताईंनी तिला सांगितलं की ताप येऊ शकतो, बहुतेक एक-दोन दिवसात उतरतो, ही गोळी ठेव, आणि उद्या बाजार आहे म्हणजे तशीही वेचणी बंद, आजच घे. बाईनं बाही वर केली.

अफवाही होत्याच, मूल होणार नाही, लस घेतल्यावर माणूस मरतो असलं बरंच. पण अफवेला उत्तर व्हॉट्सॲपवरच्या पोस्टरनं मिळत नाही, गावातल्या ज्या माणसावर विश्वास आहे त्यानं चारचौघात आधी स्वतः घेतली की मिळतं. मौलाना असोत, कीर्तनकार असोत, किंवा बाळंतपणं केलेली सुईण. टोपे साहेबांनी तर मुस्लिम वस्त्यांमध्ये जागृतीसाठी सलमान खानची मदत घेऊ असं नोव्हेंबरात सांगितलं होतं. माझं म्हणणं, सलमान खान येवो न येवो, मशिदीतल्या इमाम साहेबांना पहिले भेटा.

बंधनांबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल कारण तिथं नेतृत्वाचा कस जास्त लागतो. मार्च 2021 च्या शेवटच्या आठवड्यात बीड आणि नांदेडनं 4 एप्रिलपर्यंत लॉकडाऊन लावला. औरंगाबादनं जाहीर केला आणि सुरू व्हायच्या तोंडावर मागं घेतला, तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचा विरोध होता, ते मोर्चा काढणार होते, आणि आदेश मागं गेल्यावर कार्यकर्त्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन जल्लोष केला, त्यावरून गुन्हाही दाखल झाला. हातावर पोट असलेल्यांची बाजू मांडणं चूक नव्हतं, ती मांडायलाच पाहिजे होती. पण साथ चढत असताना विनामास्क गर्दीचा जल्लोष ही चूकच. आणि मग 14 एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर कडक निर्बंध लागलेच.

जून 2021 मध्ये राज्यानं पाच स्तरांची पद्धत आणली, पॉझिटिव्हिटी (तपासलेल्यांपैकी किती जण बाधित निघाले) 5 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड 25 टक्क्यांपेक्षा कमी भरलेले तर पहिला स्तर, सगळं मोकळं, आणि 20 टक्क्यांच्या वर पॉझिटिव्हिटी, 75 टक्क्यांच्या वर बेड भरलेले तर पाचवा. मला ही पद्धत सगळ्यात पटली, कारण दुकानदाराला आकडा बघून कळायचं की आपलं शटर कधी उघडणार. पण सुरुवात बघा, 3 जूनला तेव्हाचे मंत्री विजय वडेट्टीवार यांनी घोषणा केली, आणि थोड्याच वेळात सरकारकडून खुलासा आला की प्रस्ताव अजून विचाराधीन आहे. चांगली पद्धत, पण सांगणारी तोंडं दोन. गावात हेच होतं, सरपंच एक सांगतो, ग्रामसेवक दुसरं, पोलीस पाटील तिसरं, आणि लोक तिघांचंही ऐकत नाहीत. म्हणून गावात साथीची समिती बसवली की पहिलं हे ठरवा की भोंगा कोण लावणार आणि स्टेटसला कोण टाकणार, एकच माणूस.

राजकारणी लोकांना साथीनं सोडलं असं कुणी समजू नये. देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर एप्रिल 2021 मध्ये गेले, हिंगोलीचे राजीव सातव मे मध्ये गेले, एक कोरोनानं, दुसरे कोरोनानंतरच्या गुंतागुंतीनं. देगलूरला त्यामुळंच ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली. त्याआधी एप्रिलमध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरची पोटनिवडणूक, राज्यात निर्बंध आणि तिथं प्रचारसभा. लग्नाला 50 माणसांची अट पाळलेल्या बापाला ते दिसत होतं. नियम मोडल्यानं जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त नियम दोन प्रकारचे दिसल्यानं होतं, माझं पक्कं मत आहे.

बंधनांचं मराठवाड्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण मला विचाराल तर नांदेड जिल्ह्यात भोकर तालुक्यातलं भोसी. लग्नानंतर गावात रुग्ण निघाले, जिल्हा परिषद सदस्यांनी पुढाकार घेऊन तपासणी कॅम्प लावला, 119 जण पॉझिटिव्ह. त्यांनी काय केलं तर लक्षणं सौम्य असलेल्यांना ज्याच्या त्याच्या शेतात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या राहायच्या जागेवर, पाठवलं, ज्यांना शेत नाही अशा मजुरांसाठी त्या सदस्यांच्या स्वतःच्या शेतात शेड केलं, आशा आणि आरोग्यसेविका शेतात जाऊन बघायच्या. पंधरा-वीस दिवसांनी लोक घरी आले आणि गावातली साखळी तुटली. अख्ख्या गावाचं शटर पाडायची गरज पडली नाही. यात मोठं काय तर भूमिहीन माणसाचा विचार पहिल्याच दिवशी झाला. शाळेच्या वर्गात विलगीकरण आणि आखाड्यावर विलगीकरण यात लोकांनी कोणतं आनंदानं मान्य केलं असेल ते सांगायला नको.

तर निवड करायची झाली तर मी असं करेन. गाव छोटं, वस्त्या-तांडे जास्त असतील तर सगळा जोर संध्याकाळच्या सत्रांवर आणि आशाताईंवर, त्यांना पेट्रोलचे पैसे ग्रामपंचायतीतून, नुसत्या टाळ्या नाही. बाजारपेठेचं मोठं गाव असेल तर आठवडी बाजारात टेबल लावा, बक्षीस ठेवायचं तर तिथं ठेवा. सर्टिफिकेटची अट घालायचीच वेळ आली तर मंगल कार्यालय, हॉटेल, यात्रा इथं घाला, किती तारखेपर्यंत ते आदेशातच लिहा, आणि ज्या दारात अट त्याच दारात लस ठेवा. रेशन, दवाखाना, शाळा यांना कधीच अट नको. पेट्रोलवर मी अडवणार नाही कारण दवाखान्यात न्यायलाही गाडीच लागते.

आणि बीड, परभणी, जालन्याकडच्या सरपंचांनी एक काम साथीची वाट न बघता करून ठेवावं. आपली ऊसतोडीला जाणारी माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. कोविशिल्डचं दोन डोसमधलं अंतर मे 2021 पासून 12 ते 16 आठवडे होतं, म्हणजे ऑगस्टमध्ये पहिला घेतलेल्या माणसाचा दुसरा डोस यायचा तेव्हा तो पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसाच्या फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत. इथं यादीत तो "दुसरा डोस बाकी", तिथं त्याचं नावच नाही. तेव्हा मजूर नेणाऱ्या मुकादमांकडून दरवर्षी टोळी निघायच्या आधी नावं, मोबाईल नंबर आणि कोणत्या कारखान्याला जाणार एवढं लिहून घ्या, एक प्रत उपकेंद्रात द्या, एक त्या कारखान्याच्या शेतकी ऑफिसला पाठवा, आणि लहान लेकरांच्या गोवर-पोलिओच्या लसींसाठी तीच यादी यंदापासूनच वापरायला लागा.